खूण कोणाची?

वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात एका प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्या स्तूपाच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत छोटे छोटे लेख कोरलेले आहेत. त्यांतील पुष्कळांचा आशय एकच: हे दान अमक्याचे. आमच्या भंडारा जिल्ह्यात वस्तूवर खूण करण्याच्या प्रथेचा इतिहास लिहायचा झाला तर तो या दगडांपासून सुरू करावा लागेल, आणि त्याच पवनीच्या बाजारातल्या बिस्किटाच्या पुड्यावरील काळ्या उभ्या रेघांपर्यंत, म्हणजे बारकोडपर्यंत, आणावा लागेल. दोन्ही ठिकाणी वस्तू स्वतःविषयी काही सांगते. ती काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बारकोडविषयी सुशिक्षितांची एक ठरलेली तक्रार असते. यंत्राने वस्तूचा चेहरा पुसला, कारागिराचे नाव गेले आणि अंक तेवढे उरले, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ते नाव पूर्वी वस्तूवर होते काय? पवनीच्या कठड्यावर दात्याचे नाव आहे. तो दगड ज्याने घडवला त्या पाथरवटाचे नाही. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. लग्नात द्यावयाच्या भांड्यावर नाव घालून घेण्याची रीत आपल्याकडे घरोघर होती. बारीक छिन्नीने ठिपके पाडून कोरलेले ते नाव देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे असे, कासाराचे क्वचितच. विडीच्या धंद्यातही हेच दिसते. तेंदूपत्ता आमच्या जंगलांतला, विड्या वळणारे हात घरोघरच्या बायकांचे, आणि कट्ट्यावरचे लेबल मात्र कारखानदाराचे. १९९९ साली वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यासह हा सारा टापू या धंद्यावर जगला. पण वळणारीचे नाव कोणत्याही कट्ट्यावर छापले गेले नाही. १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याने कामगाराच्या हक्कांची दखल घेतली. लेबलावरचे नाव मालकाचेच राहिले.

राहिली कोशाची साडी. मोहाडी, आंधळगाव, भंडारा, पवनी या भागातील करवतीकाठी साडीचे अंग टसरचे आणि काठ सुती. तीन धोट्यांनी विणताना अंग आणि काठ जेथे एकमेकांत गुंततात तेथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. जाणकार ती पाहून कापड कोठले ते ओळखतो. ही खूण विणण्यातच असल्यामुळे तिला वेगळे लेबल लागत नाही. मात्र तीही गावाची आणि कसबाची ग्वाही देते, व्यक्तीची नव्हे. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पोसणारे ढीवर, सूत काढणाऱ्या बाया आणि मागावर बसणारा कोष्टी हे तिघेही तिच्यात निनावी आहेत. तेव्हा बारकोडने कारागिराचे नाव पुसले हा आरोप इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. त्याने नेमके काय बदलले, हे पाहण्यासाठी त्याचे मूळ समजून घेतले पाहिजे.

मोर्सच्या ठिपके-रेघांच्या लिपीवरून अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलँड याला ही कल्पना सुचली. समुद्रकाठच्या वाळूत बोटे ओढता ओढता ते ठिपके लांबवले तर अरुंद आणि रुंद रेघा होतात, असे त्याच्या ध्यानात आले. त्याने आणि बर्नार्ड सिल्व्हर याने १९४९ साली एकस्वासाठी अर्ज केला आणि १९५२ साली ते मिळाले. पण रेघा वाचणारे स्वस्त यंत्र तेव्हा नव्हते. अखेर १९७३ साली अमेरिकेतील किराणा व्यवसायाने आयबीएमच्या जॉर्ज लॉरर याने आखलेला नमुना स्वीकारला, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरील रेघा पहिल्यांदा वाचल्या गेल्या. १९७७ साली युरोपात तेरा अंकांची पद्धत रूढ होऊ लागली. भारतात क्रमांक देणारी संस्था १९९६ साली वाणिज्य मंत्रालय आणि उद्योगसंघटना यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. आज ती जीएस-वन इंडिया या नावाने ओळखली जाते.

तेरा अंकांची रचना साधी आहे. आरंभीचे अंक क्रमांक देणाऱ्या देशसंस्थेचे (भारतासाठी ८९०), त्यापुढचे नोंदणी केलेल्या व्यवसायाचे, मग वस्तूचे आणि शेवटचा अंक पडताळणीचा. उदाहरणादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घेऊ. पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम स्थानांवरील अंकांची बेरीज २८. सम स्थानांवरील अंकांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोहोंची बेरीज १३०. पुढच्या दशकापर्यंत जितके कमी पडेल तितका पडताळणीचा अंक. येथे काहीच कमी पडत नाही, म्हणून तो ०. एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर हा हिशेब जुळत नाही आणि यंत्र तो क्रमांक नाकारते.

या अंकांत किंमत नसते. किंमत दुकानाच्या संगणकात असते. क्रमांक ही केवळ त्या नोंदीची किल्ली. दुसरा गैरसमज अधिक पसरलेला आहे: ८९० म्हणजे भारतात बनलेली वस्तू. वास्तविक ८९० एवढेच सांगतो की क्रमांकाची नोंदणी भारतातील संस्थेकडे झाली. माल कोठला, हे त्यातून कळत नाही. आपल्या वाचकांच्या कपाटातच याचा मजेदार दाखला आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील तेरा अंक सहसा ९७८ ने सुरू होतात. हा कोणत्याच देशाचा क्रमांक नव्हे; ग्रंथांसाठी कल्पिलेल्या एका देशाचा तो क्रमांक आहे. २००७ पासून ग्रंथांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक तेरा अंकी झाला, आणि मराठी कादंबरीही त्या कल्पित देशाची नागरिक होऊन विकली जाऊ लागली.

खरी अडचण पुढे आहे. बारकोड सारखेपणा गृहीत धरतो. एका क्रमांकाच्या हजार साबणवड्या एकमेकींच्या जागी चालतात, म्हणून तर साठ्याचा हिशेब जुळतो. संगणकावरच्या बाजारात हे गृहीत अधिकच घट्ट होते: तेथे अनेक विक्रेत्यांचा माल क्रमांकावरून एकाच पानावर आणला जातो आणि ग्राहक त्यांतून भाव निवडतो. हातमागाच्या साडीचे काय करायचे? टसरचा रंग कोशागणिक बदलतो, विणकराचा हात बदलतो. दोन करवतीकाठी साड्या तंतोतंत सारख्या नसतात, आणि तेच तर त्यांचे मोल. ॲमेझॉनसारख्या बाजारात अशा मालासाठी क्रमांकातून सूट मागता येते. पण सुटीचा अर्थ साडीला स्वतःची ओळख मिळाली असा होत नाही.

येथे आणखी एक पळवाट दिसते. इंटरनेटवर उसने क्रमांक स्वस्तात विकत मिळतात. घाईत असलेला लहान विक्रेता ते घेतो. मात्र मूळ नोंदवहीत त्या क्रमांकापुढे दुसऱ्याच कोणाचे नाव असते. बाजाराने ती नोंद ताडून पाहिली की विक्रेत्याचे पान बंद पडू शकते. म्हणजे पुन्हा तोच जुना प्रकार: माल एकाचा, खूण दुसऱ्याची.

येथेच बारकोडने घडवलेला बदल दिसतो. पवनीचा दाता होण्यास संपत्ती लागे. विडीचे लेबल चालवण्यास भांडवल आणि कारखाना. तेरा अंक मिळवण्यासाठी नोंदणी, शुल्क आणि मुदतीत नूतनीकरण एवढे पुरते. विणकरांची सहकारी संस्था किंवा भाताच्या शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी हे करू शकते. चिन्नोर तांदळाला आणि करवतीकाठी साडीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. १९९९ च्या कायद्याने ते त्या प्रदेशाच्या उत्पादकांसाठी आहे. पण ते मुलखाची ओळख सांगते, पिशवी कोणाची हे नाही. रेशीम शुद्ध असल्याची ग्वाही २००४ पासून सिल्क मार्क देतो, हातमागाची २००६ पासून हँडलूम मार्क. या सर्व खुणा लावूनही पिशवीवरचा क्रमांक शहरातल्या व्यापाऱ्याचा असेल, तर ग्राहकाची पुढची मागणी त्या व्यापाऱ्याकडेच जाईल. क्रमांक ज्याचा, त्याच्याकडे बाजार परत येतो.

चौकोनी ठिपक्यांची खूण, म्हणजे क्यूआर कोड, १९९४ साली जपानात तयार झाली. तीत वस्तूच्या क्रमांकाबरोबर त्या विशिष्ट नगाचा अनुक्रमांकही मावतो. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषधांच्या वेष्टनांवर अशी खूण बंधनकारक झाली. साडीवर ती आली तर माग कोणता, विणकर कोण, कोसा कोठला हे नोंदवता येईल. एकसारखेपणाची अट तेवढ्यापुरती सैल होईल. तंत्रज्ञान एवढे करू शकते. नोंदीत विणकराचे नाव लिहायचे की व्यापाऱ्याचे, हे मात्र नोंदवही ज्याच्या हाती असेल तोच ठरवणार.

म्हणून अंकांविरुद्ध हळहळण्यापेक्षा, आंधळगावच्या साडीवरचे अंक कोणाच्या नावे नोंदलेले आहेत हे विचारणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. पाथरवटाला हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. कोष्ट्याला आणि ढीवराला ती आज आहे. त्यांच्या संस्थांनी ती वापरावी, आणि आपण ग्राहकांनी पिशवी उलटून पाहण्याची सवय लावून घ्यावी.