परदेशात एमबीबीएस करताय? इथल्या लायसन्स परीक्षेची तयारी पहिल्या वर्षापासूनच का करायची, कशी करायची : सविस्तर माहिती

नंदुरबार : मुलगा किंवा मुलगी नीट पास होते, पण सरकारी कॉलेजला नंबर लागत नाही. खासगीची फी झेपत नाही. मग घरात रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, कझाकस्तान अशी नावं निघू लागतात. मिरची-पपईच्या पैशातून, दागिने मोडून, कधी शेतावर कर्ज काढून मुलाला पाठवलं जातं. सहा वर्षांनी पदवी हातात येते आणि तेव्हा अनेकांना कळतं, की नुसत्या या पदवीवर भारतात साधी गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. त्यासाठी इथली एक परीक्षा पास व्हावी लागते. तिचं नाव एफएमजीई.

ही परीक्षा पदवीनंतर असते, म्हणून बहुतेक जण तयारीही पदवीनंतरच सुरू करतात. घोटाळा इथेच होतो. ही परीक्षा काय आहे आणि कोणत्या वर्षी काय करायचं, ते खाली दिलं आहे.

परीक्षा नेमकी कशी असते?

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्या भारतीयांसाठी ही परीक्षा २००२ पासून आहे. ती राष्ट्रीय परीक्षा मंडळ, म्हणजे एनबीईएमएस, घेतं. वर्षातून दोनदा होते, कॉम्प्युटरवर होते आणि फक्त इंग्रजीत असते.

- प्रश्न ३००, गुण ३००. सगळे चार पर्यायांचे.
- एकाच दिवशी दोन भाग. प्रत्येक भागात १५० प्रश्न आणि १५० मिनिटं.
- पास व्हायला १५० गुण.
- चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.
- नापास झालं तर पुन्हा बसता येतं, पण प्रत्येक वेळी साधारण सहा महिने जातात.

शेवटच्या वर्षात असताना ही परीक्षा देता येत नाही. आधी तिकडचा अंतिम निकाल लागलेला असावा लागतो. पदवीवर भारतीय दूतावासाचं साक्षांकन किंवा अपोस्टिलचा शिक्काही लागतो.

निम्मे गुण हवेत म्हणजे सोपंच आहे, असं वाटेल. पण निकाल बघा. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेला ४५,५५२ जण बसले, पास झाले १३,१४९, म्हणजे २८.८६ टक्के. जून २०२५ ला ३६,०३४ बसले आणि पास झाले ६,७०७, म्हणजे १८.६१ टक्के. पाचातला एकही धड नाही.

एवढे नापास का होतात?

ही मुलं ढ असतात असं अजिबात नाही. नीट पास होऊनच ती गेलेली असतात. दोन कारणं मोठी आहेत.

पहिलं कारण वेळेचं. पेपरमध्ये शंभर गुण सुरुवातीच्या वर्षांतल्या विषयांचे असतात. शरीररचना म्हणजे ॲनाटॉमी पहिल्या वर्षी शिकली आणि तिचा प्रश्न सहा वर्षांनी समोर आला, तर मधल्या काळात ती विसरायला होतेच. पदवीनंतर सहा महिन्यांत १९ विषय नव्याने शिकणं कुणालाही जड जातं.

दुसरं कारण जागेचं. पेपर भारतातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमावर असतो. बर्फाच्या देशातल्या दवाखान्यात सर्पदंशाचा पेशंट येत नाही. मलेरिया, कुष्ठरोग, सिकलसेल, कीटकनाशकाची विषबाधा हे तिथे क्वचितच दिसतं. आपल्या देशाचं लसीकरणाचं वेळापत्रक तिथले प्राध्यापक कशाला शिकवतील? पण परीक्षेत ते विचारतात.

गुण कुठे आहेत ते आधी बघा

गुणांचं वाटप असं आहे. फॉर्म भरताना त्या वेळचं माहितीपत्रक एकदा पडताळून घ्या.

- ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री : प्रत्येकी १७, एकूण ५१
- पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी : प्रत्येकी १३, एकूण ३९
- फॉरेन्सिक मेडिसिन : १०
- मेडिसिन ३३, सर्जरी ३२
- स्त्रीरोग व प्रसूती ३०, कम्युनिटी मेडिसिन ३०
- बालरोग, डोळे, कान-नाक-घसा : प्रत्येकी १५, एकूण ४५
- मानसरोग, त्वचारोग, रेडिओथेरपी, भूल, हाडं, एक्स-रे : प्रत्येकी ५, एकूण ३०

आता हिशोब करा. पहिल्या तीन ओळींचे झाले १००. त्यात कम्युनिटी मेडिसिनचे ३० मिळवले की १३०. हे १३० गुण असे आहेत, की त्यांच्यासाठी शेवटच्या वर्षापर्यंत थांबायची गरजच नाही. यातले ८० जरी पक्के झाले, तरी उरलेल्या १७० मधून ७० आणले की काम झालं. जो सगळं शेवटी करतो, त्याला मात्र तीनशेच्या तीनशे गुणांचा अभ्यास एकदम काढावा लागतो.

कोणत्या वर्षी काय करायचं?

पहिलं आणि दुसरं वर्ष : भाषा, थंडी, जेवण, सगळं नवीन असतं. त्यामुळे फार मोठं टाइमटेबल आखू नका. कॉलेजात जो धडा झाला, तोच त्या आठवड्यात भारतीय पुस्तकातून वाचा. ॲनाटॉमीला चौरसियांचं पुस्तक इथल्या कॉलेजातही चालतं. त्याच धड्याचे रोज २० प्रश्न सोडवा. वर्षातले २५० दिवस केलं तरी ५,००० प्रश्न होतात. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवा. ही वही शेवटच्या वर्षापर्यंत सांभाळायची.

तिसरं वर्ष : पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, फॉरेन्सिक. औषधांसाठी त्रिपाठींचं पुस्तक वापरा. पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची उजळणी दर रविवारी दोन तास तरी ठेवा, नाहीतर तोवर केलेलं वाया जातं.

चौथं आणि पाचवं वर्ष : आता वॉर्ड सुरू होतात. वर्ग इंग्रजीत असले, तरी तिथला पेशंट इंग्रजी बोलत नाही. तिकडची भाषा कामापुरती आली नाही, तर मुलगा वॉर्डात नुसता उभा राहतो. म्हणून ती पहिल्या वर्षीच शिकायला घ्या. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती या तिघांचे मिळून ९५ गुण आहेत. ते पेशंट बघूनच नीट समजतात.

शेवटचं वर्ष : नवीन काही उघडायचं नाही. जुनी वही, कमी गुणांचे छोटे विषय आणि पूर्ण ३०० प्रश्नांचे सराव पेपर घड्याळ लावून सोडवायचे.

सुट्टीत गावी आलात तर?

कम्युनिटी मेडिसिनसाठी पार्कचं जाडजूड पुस्तक आहेच. पण त्यातलं बरंचसं आपल्या गावातच बघायला मिळतं, आणि ही सोय शहरातल्या मुलांना नसते.

- घरातल्या लहान बाळाचं लसीकरणाचं कार्ड बघा. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. ९ महिन्यांनंतर गोवर-रुबेला. हे कार्ड म्हणजे परीक्षेचाच एक धडा आहे.
- अंगणवाडीत ताई मुलांच्या दंडाला टेप लावतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. हा आकडा परीक्षेलाही लागतो आणि धडगाव-अक्कलकुव्यात कामालाही येतो.
- आशाताईंना टीबीच्या गोळ्यांबद्दल विचारा. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन.
- सिकलसेलची तपासणी आपल्या आदिवासी भागात चालते. त्यासाठीचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं.
- नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सर्पदंशावर आपल्याकडे दिली जाणारी लस या चौघांच्या विषावर चालते.

डॉक्टरांची परवानगी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवडाभर बसलात, तरी पुष्कळ कळेल. फक्त बघायचं आणि विचारायचं. पेशंटला हात लावायचा नाही.

घरच्यांनी जायच्या आधी काय तपासायचं?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, म्हणजे एनएमसीने, १८ नोव्हेंबर २०२१ ला नियम काढले. त्यानंतर गेलेल्यांना ते लागू आहेत. यातलं काही चुकलं, तर कितीही अभ्यास करून उपयोग नाही.

- नीट पास हवंच.
- कोर्स किमान ५४ महिन्यांचा, आणि तोही इंग्रजीतून.
- त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप.
- त्या पदवीवर त्या देशात, तिथल्या नागरिकांप्रमाणेच डॉक्टरकी करण्याचं लायसन्स मिळायला हवं.
- प्रवेशापासून १० वर्षांच्या आत कोर्स पूर्ण.
- भारतात आल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप.

एजंट म्हणेल, 'कॉलेज एनएमसी अप्रूव्हड आहे.' एनएमसी परदेशी कॉलेजांना अशी मान्यता देत नाही. वरचे मुद्दे एकेक करून विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. अधेमधे कॉलेज बदलायला सांगितलं तर सावध राहा. पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के, फीच्या पावत्या, हजेरीचे कागद, सगळं जपून ठेवा.

आई-वडिलांना मेडिकल कळत नसलं तरी हरकत नाही. व्हिडिओ कॉलवर 'जेवलास का?' विचारतोच. सोबत एवढंही विचारा : 'या आठवड्यात किती प्रश्न सोडवले, किती बरोबर आले?'

पास झाल्यावर आणि नापास झाल्यावर

पास झालं की मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप, मग कायमची नोंदणी. त्यानंतरच स्वतःचा दवाखाना.

नापास झालेल्यांना कुणी सांगतं, 'तोवर खेड्यात दवाखाना टाक, कोण बघतं?' हे करू नका. नोंदणीशिवाय डॉक्टरकी केली, तर २०१९ च्या एनएमसी कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि पेशंटच्या जिवाशी खेळ होतो तो वेगळाच.

नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्यांना हे लागू आहे का?

सध्या नाही. इथल्या मुलांना विद्यापीठाची अंतिम परीक्षा आणि एक वर्षाची इंटर्नशिप पुरते. पण २०१९ च्याच कायद्यात 'नेक्स्ट' नावाची एकच परीक्षा सांगितली आहे. लायसन्स आणि पीजी प्रवेश दोन्ही तिच्यावर, आणि परदेशातून आलेल्यांनाही तीच. ती अजून सुरू झालेली नाही. सुरू झाली तर सुरुवातीपासून उजळणी ठेवणाऱ्यालाच सोपी जाईल, मग तो नंदुरबारात शिको की परदेशात.

मुलगा आधीच चौथ्या वर्षात असेल तर?

उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आजपासून कम्युनिटी मेडिसिन घ्या, कारण त्याला वॉर्ड लागत नाही. मग पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी, कारण मेडिसिन समजायला ते लागतातच. ॲनाटॉमी सगळी वाचत बसू नका, प्रश्न सोडवत सोडवत जा. पदवीच्या दिवशी निदान निम्मे विषय एकदा हातावेगळे झालेले असले, तरी पुढचे सहा महिने शिकण्यात न जाता उजळणीत जातील.