माळेगावची यात्रा : देव, बाजार आणि लोककला

मराठवाड्यात कलावंताला नाव आणि मोल मिळवून देणारी जुनी ठिकाणे शोधू गेल्यास राजवाड्यांपेक्षा यात्रांकडेच अधिक वळावे लागते. कारण ज्या काळात या भागात नाट्यगृहे नव्हती आणि वृत्तपत्रेही गावोगाव पोचत नव्हती, त्या काळात कलावंत, रसिक आणि पैसा या तिघांना एका माळावर आणण्याचे काम यात्रांनीच केले. नांदेड–लातूर मार्गावर, लोहा आणि अहमदपूर यांच्या दरम्यान वसलेल्या माळेगाव येथील खंडोबाची यात्रा हे त्याचे ठळक उदाहरण होय. गोदावरीच्या उत्तरेकडील मुदखेड, भोकर, किनवट या भागांपासून दक्षिणेकडील कंधार, मुखेड, उदगीरपर्यंतचा शेतकरी या यात्रेशी जोडलेला आहे. मुदखेड हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील जंक्शन असून आदिलाबादकडे जाणारा फाटा तेथूनच निघतो, त्यामुळे तेलंगणाच्या सीमेवरील गावांना नांदेडमार्गे माळेगाव गाठणे सोपे झाले.

यात्रेचा मूळ आधार धार्मिक आहे. खंडोबा हा महाराष्ट्राबरोबरच कर्नाटकात मैलार आणि तेलंगणात मल्लण्णा या नावांनी पूजला जाणारा देव असून, रा. चिं. ढेरे यांनी त्याला दक्षिणेचा लोकदेव म्हटले ते याच विस्तारामुळे. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांचे प्रदेश जेथे एकमेकांना भिडतात, त्या पट्ट्यात माळेगाव येत असल्याने येथे तिन्हीकडील भाविकांची ये-जा स्वाभाविकच होती. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास देवस्वारी निघते, पालखीवर बेल-भंडारा आणि खोबरे उधळले जाते आणि ‘यळकोट यळकोट जय मल्हार’ या गजरात यात्रेला आरंभ होतो. येथील पहिले कलावंत म्हणजे देवाचे वाघ्या आणि मुरळी होत. डिमडी, तुणतुणे आणि घोळ, म्हणजे हातात धरून वाजवायची घंटा, एवढ्याच वाद्यांवर ते रात्रभर जागरण घालतात. जागरण हे खंडोबाच्या आख्यानाचे आणि पदांचे विधिनाट्य असून, नवसाची सांगता म्हणून ते यजमान घालून घेतो. त्यामुळे येथे कलेचा मोबदला हा प्रथमपासूनच दक्षिणेच्या रूपात ठरलेला होता.

तथापि, केवळ नवसावर एवढा मोठा मेळा उभा राहिला नसता. मार्गशीर्षात खरिपाचे पीक घरात आलेले असते, रब्बीची ज्वारी रानात उभी असते आणि शेतकऱ्याच्या हाती थोडाफार पैसा खुळखुळत असतो. जनावरांच्या खरेदी-विक्रीला हाच काळ सोयीचा ठरतो. कंधार-लोहा परिसरातील तांबड्या रंगाचा, मध्यम बांध्याचा लाल कंधारी बैल आणि उदगीर-देवणी भागातील देवणी जात, या दोन्हींचे मूळ प्रदेश माळेगावच्या आसपासच आहेत. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे अंगावरील रंगाच्या ठेवणीवरून तीन प्रकार मानले जातात. पारखी गिऱ्हाईक जनावर चालवून पाहतो, खूर आणि वशिंड न्याहाळतो, तोंड उघडून ते अदात आहे, चार दाती आहे की जुळलेले आहे हे तपासतो. मग दलाल दोन्ही पक्षांच्या हातांवर रुमाल टाकतो आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरतो, जेणेकरून भोवतीच्या गर्दीला आकडा कळू नये. घोडे, गाढवे आणि उंट यांचाही बाजार येथे भरत असल्याने दूरदूरचे व्यापारी आणि भटक्या जमातींचे तळ माळावर पडत.

या बाजारातून फिरणाऱ्या पैशावरच तमाशाचे तंबू उभे राहिले. तमाशाचे दोन प्रकार मानले जातात. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो, तर संगीत बारीत वग नसतो. ढोलकी, तबला आणि पेटीच्या साथीवर स्त्री-कलावंतांचे गायन, नृत्य आणि अदाकारी यांवरच तिचा भर असतो. गण म्हणजे गणेशस्तवन, गवळण म्हणजे कृष्ण आणि गौळणी यांची नोकझोक, बतावणी म्हणजे विनोदी संवाद आणि वग म्हणजे मुख्य कथानाट्य. फड दसऱ्यानंतर बाहेर पडतात आणि उन्हाळ्यातील जत्रांपर्यंत फिरतात. या हंगामात मोठ्या यात्रेत तंबू भरला की फडमालकाला पुढच्या सुपाऱ्या, म्हणजे कार्यक्रमांची आगाऊ ठरावणी, मिळणे सोपे जाते. संगीत बारीत दौलतजादा ही प्रथा होती. प्रेक्षक आवडलेल्या लावणीवर पैसे देई आणि त्याचे नाव भर बैठकीत पुकारले जाई. कलेची पारख आणि पैशाचा तोरा या प्रथेत एकत्र नांदत होते, आणि कलावंतिणीच्या सन्मानाचा प्रश्नही तेथेच उभा राहत होता.

राजवट बदलली तसा या मेळ्याचा आश्रयदाताही बदलला. नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. सप्टेंबर १९४८ मधील कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मुंबई राज्यात १९५४ पासून तमाशाच्या संहिता तपासणारे मंडळ काम करीत होते, परंतु मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने येथील फड त्या कक्षेबाहेर होते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर यात्रांच्या व्यवस्थेत स्थानिक स्वराज्य संस्थेचा हात वाढला. आज नांदेड जिल्हा परिषद येथे पशुप्रदर्शन, कुस्त्यांची दंगल, कृषिप्रदर्शन, लावणी महोत्सव आणि पारंपरिक लोककला महोत्सव भरवते. तंबूतील रात्रभराचा खेळ शासकीय मंचावर मोजक्या वेळेत बसवावा लागला, लावणी पाहण्यास घरंदाज स्त्रियाही येऊ लागल्या आणि दौलतजाद्याची जागा मानधनाने आणि सत्काराने घेतली. प्रतिष्ठा वाढली, मात्र बैठकीच्या लावणीतील सावकाश फुलणारी अदा आणि वगातील प्रसंगानुरूप रचलेले संवाद या चौकटीत आकसत गेले.

यात्रेच्या इतिहासाला काळी बाजूही आहे. मुलींना देवाला वाहण्याच्या प्रथेतून अनेक मुरळ्यांचे आयुष्य शोषणात गेले. महाराष्ट्राने २००५ च्या देवदासी प्रथाविरोधी कायद्याने अशा समर्पणास बंदी घातली. याच माळावर भटक्या जमातींच्या जातपंचायती बसत आणि दंड, बहिष्कार यांचे निवाडे देत. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने अशा बहिष्काराला गुन्हा ठरवले. लोककलेच्या गौरवात या गोष्टी झाकल्या जाऊ नयेत.

माळेगावचे वेगळेपण आफ्रिकेच्या अनुभवाशेजारी ठेवले असता अधिक स्पष्ट होते. १९६६ मध्ये सेनेगालचे अध्यक्ष लिओपोल्ड सेंघोर यांनी डाकार येथे कृष्णवर्णीयांच्या कलांचा जागतिक महोत्सव भरवला तो वसाहतवादानंतरच्या आत्मभानाचा आविष्कार म्हणून, आणि त्याचा आश्रयदाता राज्यसंस्था होती. पुढे आधुनिक आफ्रिकी चित्रकला-शिल्पकलेला खास बाजारपेठ देणारा ‘वन-फिफ्टी फोर’ हा मेळा, ज्याच्या नावात एक खंड आणि त्यातील ५४ देश सूचित आहेत, तूरिया एल ग्लावी यांनी २०१३ मध्ये सुरू केला तो लंडनमध्ये. मोरोक्कोतील माराकेश येथे त्याचे पर्व भरण्यास २०१८ साल उजाडले. आफ्रिकेची कला कोणी निवडावी, तिची किंमत कोणी ठरवावी आणि तिचा प्रेक्षक कोण, हे प्रश्न त्यामुळे सतत चर्चेत राहिले. माळेगावात परिस्थिती उलट होती. कला जेथे जन्मली त्याच मातीत तिचा बाजार भरे, पारख करणारा रसिक बैल विकून आलेला शेतकरीच असे आणि किंमत त्याच्याच खिशातून येई. मात्र या बाजाराची कोणी नोंद ठेवली नाही. आफ्रिकी मेळ्यांमागे सूची, समीक्षा आणि संग्रहालये उभी राहिली, माळेगावचे शाहीर, वाघे आणि कलावंतिणी बहुतांशी अनामच राहिल्या.

ट्रॅक्टरमुळे बैलांची गरज घटली आहे, आणि ज्या बाजाराने कलेला पैसा पुरवला त्याचाच पाया त्यामुळे खचतो आहे. म्हणून केवळ महोत्सवाचा मंच सजवून माळेगावची परंपरा टिकणार नाही. जिल्हा परिषद आणि या भागातील विद्यापीठाने दरवर्षी येणाऱ्या फडांची, वाघ्या-मुरळींची आणि त्यांच्या पदांची ध्वनिमुद्रणासह नोंद करावी, तिच्यात कलावंतांची नावे व गावे त्यांच्या संमतीने घालावीत आणि ती मुदखेडपासून उदगीरपर्यंतच्या ग्रंथालयांत ठेवावी. हे काम जुनी माणसे हयात आहेत तोवरच होऊ शकते.