शब्दवेध : अपॉप्टोसिस

'अपॉप्टोसिस' हा शब्द मूळचा ग्रीक. 'अपो' म्हणजे दूर, 'प्टोसिस' म्हणजे गळणे. झाडापासून पान सुटते तसे. वरची पापणी खाली उतरते त्या विकाराला डॉक्टर 'टोसिस' म्हणतात, तोही याच धातूतला. १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी पेशींच्या शिस्तबद्ध मृत्यूला हे नाव दिले. ते सुचवले होते ॲबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी.

ही पानगळ प्रथिनांच्या हुकमाने चालते. डीएनएला इजा झाली की पी५३ हे प्रथिन बॅक्स आणि प्यूमा या मारक प्रथिनांना कामाला लावते. बीसीएल-२ त्यांना अडवते. अनेक कर्करोगांत पी५३ निकामी होते किंवा बीसीएल-२ शिरजोर होते, आणि मरायला हवी ती पेशी तगून राहते.

पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी २०१० साली दाखवले, की इजा किरकोळ असेल तर स्मार१ हे प्रथिन बॅक्स आणि प्यूमाची जनुके दाबून ठेवते. इजा गंभीर झाली की तो अडसर दूर होतो. म्हणजे पेशीला आधी दुरुस्तीची मुदत मिळते, मगच निकाल लागतो.