खाणीतला टाकाऊ चुरा आणि चोपण रान

माझ्या मामाचं एक रान आहे, शिरोळ तालुक्यात. लहानपणी मला ते क्रिकेटचं मैदानच वाटायचं. पांढरट, टणक, गवताची काडी नाही. तिथे कधीकाळी ऊस होता, हे नंतर कळलं.

अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो, उत्तर प्रदेशात ऊसर म्हणतात. सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होतात, भोकं बुजतात, पाणी मुरत नाही. दुखणं जुनं आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी नीरा कालव्याखालच्या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० मध्येच छापला होता.

इलाज म्हणजे कॅल्शियम. तो सोडियमला मातीच्या कणावरून हुसकावतो. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातच कॅलिफोर्नियात हिल्गार्ड यांनी जिप्सम सुचवलं होतं.

आता बिहारमध्ये जाऊ. रोहतास जिल्ह्यात अमझोरला पायराइटची खाण होती. पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक, दिसायला सोन्यासारखं. सरकारी कंपनीने ती खाण काढली सल्फ्युरिक ॲसिडसाठी. पण हलक्या प्रतीचा चुरा त्या कामाचा नव्हता. तो उत्तर प्रदेशातल्या ऊसर जमिनींवर पसरला गेला.

गंमत बघा. ओलावा, हवा आणि काही जिवाणू मिळाले की पायराइटचं ॲसिड होतं. खाणीजवळ हेच ॲसिड ओढ्यात उतरलं तर मासे मरतात. पण चोपण मातीत चुनखडी असते. ॲसिड ती विरघळवतं आणि कॅल्शियम मोकळा होतो. म्हणजे जिप्सम बाहेरून आणायचं नाही, मातीतच तयार करायचं! फक्त घाई नको. चुरा आधी ओल्या मातीवर काही दिवस राहू द्यायचा, मग पाणी भरायचं. आधीच पाणी तुंबवलं तर हवा मिळत नाही, काम अडतं.

आणि शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेला पाहिजे. मामाने जिप्सम टाकलं होतं, पण चर काढला नाही. चर शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागणार होता आणि दोघांची बोलाचाली बंद. रान आजही पांढरंच आहे.

औषध खाणीतून येईल हो, पण चर शेजाऱ्याशी बोलूनच काढावा लागतो. भेटू पुढच्या भागात!