सोलापूरचें पंचांग आणि गणिताची राखण

ग्रंथ एकदां लिहून छापून झाला म्हणजे ग्रंथकर्ता मोकळा होतो. पंचांगकर्त्याच्या नशिबीं तें सुख नाहीं. त्याचा ग्रंथ चैत्र शुद्ध प्रतिपदेस वापरांत येतो आणि फाल्गुनी अमावास्येस निरुपयोगी होतो. तत्पूर्वींच पुढील वर्षाचा ग्रंथ तयार होऊन दुकानीं पोंचलेला असावा लागतो. शिवाय त्यांत चूक राहिली तर ती पुढच्या आवृत्तींत दुरुस्त करूं असें म्हणण्याची सोय नाहीं, कारण ज्या एकादशीचा उपवास चुकला ती एकादशी परत येत नाहीं. सोलापुराहून निघणारें दाते पंचांग हें काम शंभराहून अधिक वर्षें करीत आलेलें आहे. महाराष्ट्रांतील असंख्य घरांत तें देवघराशेजारीं खुंटीला असतें, आणि म्हणूनच कीं काय, त्याच्याकडे इतिहासाचा विषय म्हणून सहसा कोणी पाहत नाहीं. येथें त्या दृष्टीनें थोडें पाहावें असा आमचा विचार आहे.

पंचांगांतील वर्षफल, पर्जन्याचीं वाहनें, राशिभविष्य हा भाग आम्ही बाजूस ठेवितों. त्यावर श्रद्धा असणारांशीं आमचें भांडण नाहीं. पण आमचा विषय तो नव्हे. तिथि-नक्षत्रांचें गणित कोणीं रचलें, कोणीं सुधारलें, आणि तें सुधारण्याचा अधिकार कोणाचा, हा आमचा विषय.

हाच प्रश्न आज एका अगदीं निराळ्या धंद्यांतील लोकांस पडलेला आहे. संगणकाच्या आज्ञावल्या लिहून त्यांची संहिता सर्वांस खुली करावयाची, अशी एक चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं अमेरिकेंत सुरू केली. अशा मुक्त आज्ञावलीची संहिता कोणींहि वाचावी, वापरावी, सुधारावी आणि सुधारून पुन्हां वांटावी. ऐकणारास वाटतें, किती सोपें! परंतु अनुभव असा कीं, लिहिणें थोडें आणि राखणें फार. यंत्रें बदलतात, वापरणारांच्या तक्रारी येतात, एक दुरुस्ती करावी तर दुसरीकडे कोणाचें तरी सुरळीत चाललेलें काम मोडतें. आणि हें सारें निस्तरून, क्रमांक घालून, नवी आवृत्ति सोडणारा माणूस पुष्कळदां एकटाच असतो, फार तर दोघे-तिघे असतात. आमच्या वाचकांच्या घरांतील तरुण मंडळींस ही गोष्ट ठाऊक असेल. त्यांचे आजोबा ज्या पंचांगांत मुहूर्त पाहत त्याचीहि कथा बरीचशी हीच आहे, हें मात्र कदाचित् ठाऊक नसेल.

पंचांगाची मूळ संहिता पाहावयाची तर कोंकणांत जावें लागतें. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचलें. नांवाप्रमाणेंच ग्रंथाचा हेतु लाघव, म्हणजे सोपेपणा. सिद्धांतग्रंथांतील ग्रहगणितास ज्या-चाप लागत. गणेशांनीं ते अजिबात टाकले आणि साध्या बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकारावर काम भागविलें. युगारंभापासूनचे दिवस मोजीत बसण्याऐवजीं त्यांनीं ११ वर्षांचें, ४०१६ दिवसांचें, एक चक्र धरलें. त्यामुळें आंकडे लहान राहिले. ग्रह कोठून घ्यावे याविषयींहि त्यांनीं कोणा एका पक्षाची निष्ठा बाळगिली नाहीं. सूर्य सौरपक्षाचा, गुरु आर्यपक्षाचा, अशी जुळणी करून आकाशाशीं जें जुळलें तें त्यांनीं घेतलें. वडील केशव दैवज्ञ हे स्वतः वेध घेणारे. तेव्हां ही दृष्टि घरचीच होती. ग्रंथ हातोहात पसरला, त्यावर टीका झाल्या, गणेशांनीं स्वतःच ‘तिथिचिंतामणि’ रचून तिथि काढण्याचें काम आणखी सोपें करून दिलें, आणि गांवोगांवचे जोशी पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून आपापलें पंचांग करीत राहिले. त्यासाठीं कोणाची परवानगी घ्यावी लागली नाहीं.

परंतु आम्हांस या गणित्याची सर्वांत थोर वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. ‘बृहत्तिथिचिंतामणीं’त त्यांनीं पूर्वसूरींची परंपरा सांगितली आहे: एकाचें गणित कालांतरानें शिथिल झालें म्हणून दुसऱ्यानें तें नीट केलें, तेंहि ढळलें म्हणून तिसऱ्यानें, पुढें केशवांनीं, आणि मग आपण. इतकें सांगून ते थांबत नाहींत. आपलेंहि गणित पुष्कळ काळानें ढिलें पडेल. तेव्हां ग्रहणें आणि ताऱ्यांशीं होणाऱ्या युति पाहून पुढील बुद्धिमंतांनीं तें सारून घ्यावें, असें ते लिहून ठेवितात. स्वतःच्या ग्रंथाविषयीं इतकें निर्मम वाक्य लिहिणारे ग्रंथकर्ते थोडेच. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालच्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रां’त या परंपरेचा जो इतिहास मांडला आहे, तो मराठी वाचकानें एकदां तरी पाहावा.

आणि गणित ढिलें पडलेंच. सूर्यसिद्धांताचें वर्ष खऱ्या नाक्षत्रवर्षाहून सुमारें साडेतीन मिनिटांनीं मोठें आहे. चारशें वर्षांत ही चूक जवळजवळ एका दिवसाची होते. चंद्राचें प्रकरण याहून नाजूक. जुन्या गणितांत चंद्राच्या गतीचा मुख्य संस्कार तेवढा घेत. त्यामुळें तिथि ५४ घटिकांहून लहान नाहीं व ६५ घटिकांहून मोठी नाहीं, असा ‘बाणवृद्धि-रसक्षया’चा नियम रूढ झाला. प्रत्यक्ष आकाशांत तिथि कधीं ५० घटिकांची असते, तर कधीं ६७ घटिकांची. आतां अडचण अशी कीं, श्राद्धें, व्रतें, उपवास यांचे निर्णय त्या जुन्या नियमाला धरून बसलेले. गणित सुधारलें तर आकाश जुळतें, पण शास्त्रार्थ मोडतो, असें जुन्या पक्षाचें म्हणणें होतें. आणि तें अगदींच टाकाऊ नव्हतें, असें आमचें मत आहे. चालत आलेल्या व्यवहारास धक्का न लावतां मूळ दुरुस्त करणें हें कोणत्याहि राखणदारास अवघडच जातें.

छापखाना आल्यावर या वादास धार आली. १८४१ सालीं मुंबईस गणपत कृष्णाजींच्या छापखान्यांतून मराठी पंचांग छापून निघालें, आणि हळूहळू गांवोगांवच्या हस्तलिखित पंचांगांच्या जागीं थोडीं छापील पंचांगें आलीं. हातच्या पंचांगांतील चूक एका गांवापुरती असे. छापील चूक साऱ्या प्रांताची होऊं लागली. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं पाश्चात्य साधनांवरून ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं, आणि शके १७८७ पासून त्यांच्या गणिताचें पटवर्धनी पंचांग निघूं लागलें. तें आकाशाशीं जुळे. पण लोकांत फारसें रुजलें नाहीं. कारण त्याप्रमाणें मकरसंक्रांत सुमारें चार दिवस अगोदर येई. सोलापुरास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संक्रांतीस भरते. ती कोणी गणिती चार दिवस अलीकडे ओढूं म्हणेल तर काय होईल, याची कल्पना सोलापूरकरांनींच करावी.

हा चार दिवसांचा भेद कोठून आला तें सांगितलें पाहिजे. राशिचक्राचा आरंभ आकाशांत कोठें खुंटी मारून ठेविलेला नाहीं. तो मानावा लागतो. छत्रे यांनीं रेवतीचा एक तारा आरंभीं धरला. दुसऱ्या पक्षानें चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदु धरला. दोहोंत सुमारें चार अंशांचें अंतर, आणि सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश चालतो. संक्रांत अशी इकडे तिकडे झाली म्हणजे कधीं कधीं अधिकमासच बदलतो, आणि मग एका घरचे आकाशकंदील उतरून महिना झाल्यावर शेजारच्या घरीं ते चढतात. लोकमान्य टिळकांनीं रेवतीचा पक्ष उचलून धरला. १९०४ सालीं मुंबईस याच प्रश्नासाठीं ज्योतिष परिषद भरली, आणि पुढेंहि परिषदा झाल्या. उलट व्यंकटेश बापूजी केतकर यांनीं चित्रापक्ष घेऊन ‘ज्योतिर्गणित’ व ‘केतकी ग्रहगणित’ या ग्रंथांत नवें सूक्ष्म गणित मांडलें. एका खोडास दोन फांद्या फुटल्या, आणि दोन्हींकडील मंडळी विद्वान् व प्रामाणिक असल्यामुळें समेट अधिकच कठीण झाला. टिळक पंचांग मानणाऱ्या घरीं संक्रांत आजहि १० जानेवारीस होते.

या धामधुमींत, १९१६-१७ च्या सुमारास, लक्ष्मण गोपाळ दाते यांनीं सोलापुरांत आपलें पंचांग सुरू केलें. पुणें नव्हे, मुंबई नव्हे. त्या काळीं गिरणीच्या भोंग्यावर उठणारें सोलापूर. मराठी, कानडी आणि तेलुगु या तिन्ही भाषा तेथें एका पेठेंत ऐकूं येतात. परंतु तिघांचाहि महिना अमावास्येसच संपतो, आणि मराठ्यांचा पाडवा व कानडी-तेलुगु लोकांची उगादि एकाच दिवशीं येते. संस्थापकांच्या मागें धुंडिराजशास्त्री दाते यांनीं आणि त्यानंतर मोहनराव दाते यांनीं पंचांग चालविलें. आज तें चित्रापक्षाचें सूक्ष्म गणित म्हणून ओळखलें जातें.

वर्षाचें काम काय असतें, म्हणाल, तर साध्या वर्षांत ३६० आणि अधिकमासाच्या वर्षांत ३९० तिथि, प्रत्येकीच्या समाप्तीचा क्षण, तिच्या दुप्पट करणें, शिवाय नक्षत्रें आणि योग. हें झालें नुसतें गणित. खरें काम पुढें लागतें, तें निर्णयाचें. वाराची तिथि सूर्योदयाशीं बांधलेली, आणि सूर्योदय गांवाशीं. सोलापूर मुंबईच्या पूर्वेस सुमारें तीन अंश आहे. म्हणजे दोन गांवांच्या स्थानिक वेळांत सुमारें १२ मिनिटांचा फरक. समजा, सोलापुरास सूर्य उगवल्यावर पांच मिनिटांनीं दशमी संपली, तर त्या दिवसाची तिथि तेथें दशमी. मुंबईस तोंपर्यंत सूर्य उगवलेलाच नसतो, म्हणून तेथें एकादशी. त्यांत स्मार्तांचा नियम निराळा, भागवतांचा निराळा. पंढरपूर याच जिल्ह्यांत असल्यामुळें एकादशीविषयींच्या शंकेची हेळसांड करण्याची तर मुळींच सोय नाहीं. अमुक दिनदर्शिकेंत संकष्टीचा चंद्रोदय निराळा कां, वटपौर्णिमा आज कीं उद्यां, असल्या प्रश्नांस चालू वर्षाचीं उत्तरें देतां देतां पुढील वर्षाचें गणित करावयाचें, तपासावयाचें, आणि मुद्रितें वाचावयाचीं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेंहि या कामांत हात घातला. १९५२ सालीं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांगसुधारणा समिति नेमली गेली. तींत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे होते. समितीनें १९५५ सालीं अहवाल दिला आणि चित्रापक्षास धरून असलेला अयनांश, २१ मार्च १९५६ रोजीं २३ अंश १५ कला, ठरविला. २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका सरकारी कागदांपलीकडे फारशी गेली नाहीं. अयनांशाचा तो आंकडा मात्र चांगलाच रूढ झाला.

आतां मुक्तपणाविषयीं. गणेशांची रीत सर्वांची होती. छापील पंचांग ही विकावयाची वस्तु झाली. वाचकास आंकडे मिळूं लागले, पण ते कसे निघाले हें दिसेना. यांत आम्ही कोणास दोष देत नाहीं. दरवर्षीं आवृत्ति काढणारास पोट असतें, आणि फुकट वांटलेल्या कामाची राखण कोणीं व कशाच्या जोरावर करावी, हें कोडें संगणकवाल्यांसहि पुरतें सुटलेलें नाहीं. तरी पण रीत दृष्टीआड झाली म्हणजे ती तपासणारे लोक विरळ होतात. ग्रहलाघवावरून स्वतः तिथि काढणारा जोशी आज शोधावा लागेल.

ही उणीव अलीकडे एका अनपेक्षित बाजूनें भरून येत आहे. स्वित्झर्लंडांतील अस्ट्रोडिएन्स्ट या संस्थेनें १९९७ सालीं ‘स्विस इफेमेरिस’ नांवाची आज्ञावली प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या ग्रहगणितावर ती आधारलेली आहे. तिची संहिता मुक्त परवान्यानें कोणासहि मिळते. आपली संहिता झांकून ठेवून तिचा उपयोग करावयाचा असेल त्यानें मात्र दाम मोजून निराळा परवाना घ्यावयाचा. राखणदाराच्या पोटाची ही एक तोड आहे, आणि आम्हांस ती बरी वाटते. तिच्या साहाय्यानें सोलापुरांतील एखादा होतकरू विद्यार्थी वर्षाच्या तिथि स्वतः काढून छापील पंचांगाशीं ताडून पाहूं शकतो. चंद्रसूर्यांतील अंतरावरून निघणाऱ्या तिथींस राशिचक्राच्या आरंभाची गरज नाहीं. पण संक्रांत किंवा अधिकमास काढूं म्हटलें कीं अयनांश कोणता तें आज्ञावलीस सांगावें लागतें. तिच्या यादींत चाळिसांहून अधिक अयनांश आहेत. त्यांत सरकारी समितीचा आहे, आणि रेवतीचाहि आहे. मुंबईच्या परिषदेपुढील वाद यंत्रानें सोडविला नाहीं, वापरणाराच्या हवालीं केला. सोलापुरास मात्र पाडव्यापूर्वीं त्यांतला एकच आंकडा धरून वर्ष छापावयास पाठवावें लागतें, आणि त्या छापील वर्षावर नांव पंचांगकर्त्याचें पडतें.