सायकलीचे वजन की वारा?

#थ्रेड

२५ ऑक्टोबर १९७२. मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर बेल्जियमचा एडी मर्क्स तासाभराच्या विक्रमासाठी उतरला. त्याची सायकल सहा किलोंहून हलकी होती. काही ग्रॅम वाचावेत म्हणून हँडलला आणि साखळीच्या कड्यांनाही भोके पाडलेली होती. त्या तासात त्याने ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले.

पण त्या ट्रॅकवर चढ होता कुठे? मर्क्स इतक्या दूर गेला तो २,२०० मीटरहून अधिक उंचीवरील विरळ हवेसाठी. खरा अडसर वाऱ्याचा आहे, हे त्याला ठाऊक होते. तरीही हात मात्र ग्रॅम खरवडण्यात गुंतले होते.

हा संस्कार आल्प्स आणि पिरेनीजच्या घाटांनी घडवला. तेथे तो चुकीचाही नव्हता. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो भरत असतील, तर एक किलो घटवल्याने तासाभराच्या खड्या चढावर सुमारे पाऊण मिनिट वाचते. सपाटीवर मात्र बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. तेथे किलोभर वजनाचा फरक जवळजवळ नगण्य ठरतो.

जानेवारी १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने त्याच शहरात ५१.१५१ किलोमीटर गाठले. त्याची भरीव चाकांची सायकल मर्क्सच्या सायकलीहून जड होती.

ट्रायथलॉनला घाटांचा वारसा नव्हता. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा अवघे १५ जण धावरेषेवर होते. पोहणे झाल्यावर १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर पूर्ण मॅरेथॉन. सायकलीवर वाचवलेली ताकद पुढे पायांना लागणार, म्हणून वाऱ्यापासून लपण्याची गरज या खेळाडूंना लवकर उमगली. अमेरिकी स्कीइंग प्रशिक्षक बून लेनन यांनी उतारावरच्या स्कीपटूसारखे हात पुढे जोडून वाकता येईल, असे हँडल तयार केले. १९८७ पासून ते ट्रायथलॉनमध्ये रुळले. या जोडाने सायकलीचे वजन घटले नाही, उलट वाढले!

१९८९ च्या तूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस. व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने तेच हँडल लावले. लोराँ फिन्यों जुन्याच ढंगाने, उघड्या डोक्याने निघाला. लेमाँडने त्या दिवशी ५८ सेकंद मिळवले आणि एकूण शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. सारे श्रेय हँडलला देणे अन्यायाचे होईल, कारण फिन्यों बैठकीच्या जखमेने बेजार होता. पण ८ सेकंदांच्या हिशेबात वाऱ्याचा वाटा नाकारणेही कठीण आहे.

गंमत अशी, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाईत मार्क ॲलनने डेव्ह स्कॉटला हरवले, तेही ५८ सेकंदांनीच.

२०२३ साली पुरुषांची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा फ्रान्समधील नीसला गेली. मार्ग घाटातून होता, आणि हलक्या सायकलीचा जुना वाद पुन्हा जागा झाला. त्या घाटातही माथा ओलांडल्यावर उतार लागतोच, आणि उतारावर पुन्हा वाराच आडवा येतो.