आपला वैद्य आपण

उरणजवळचें करंजा हें कोळ्यांचें जुनें बंदर. 1 जून ते 31 जुलै हे मासेमारीच्या बंदीचे दिवस. होड्या किनाऱ्याला आणि हात रिकामे. अशा वेळीं एखाद्या नाखव्याची झोप उडते, छातींत धडधडतें, कशांतच मन लागत नाहीं. ताप आला असता, तर तो दवाखान्याची पायरी चढता; मनाच्या दुखण्यासाठीं मात्र चढत नाहीं. गांव काय म्हणेल, ही धास्ती!

ही धास्ती नवी नव्हे. 1901 सालीं ठाण्याचें मनोरुग्णालय उघडलें, आणि मनाचा उपचार म्हणजे भिंतीआड जाणें, अशी लोकांची समजूत दीर्घकाळ राहिली.

भिंतीबाहेरचा एक मार्ग 1955 सालीं न्यूयॉर्कमध्यें अल्बर्ट एलिस यांनीं दाखविला. जाळें रिकामें आलें, ही घटना; ‘मी कवडीमोल आहें’ हा आपण दिलेला निवाडा. माणूस खचतो तो बहुधा निवाड्यानें, आणि निवाडा तपासून पाहतां येतो. हें तपासणें शिकतांही येतें. मुंबईच्या कि. मो. फडके यांनीं 1968 पासून एलिस यांच्याशीं पत्रव्यवहार करून ही विद्या आत्मसात केली आणि ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नांवानें ती मराठींत रुजविली.

पत्राची जागा पुढें संगणकानें घेतली. 2001 सालीं ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठानें ‘मूडजिम’ हे धडे इंटरनेटवर आणले. 2006 सालीं ब्रिटनच्या आरोग्यसेवेंत अशा संगणकीय उपचारांची शिफारस झाली. चिंता व सौम्य नैराश्य यांवर त्यांचा गुण येतो, हें अनेक प्रयोगांत दिसलें. परंतु आणखी एक गोष्ट दिसली: एकटा रुग्ण पुष्कळदां धडे अर्ध्यावर टाकतो, कोणी नियमानें विचारपूस केली, तर तो टिकतो आणि गुणही अधिक येतो. ती विचारपूस डॉक्टरनेंच करावी असें नाहीं. गोव्याच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांत, शिकवून तयार केलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनीं 6 ते 8 भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही उतार पाडल्याचें 2017 सालीं प्रसिद्ध झालें आहे.

फडके यांचें उदाहरण हेंच सांगतें. ते दुरून शिकले खरे; पण त्यांच्या पत्रांना उत्तर येत होतें.

तेव्हां मोबाइलवरचे धडे जरूर करावे. मात्र घरांतल्या कोणी तरी ‘आज कितवा धडा झाला?’ एवढें विचारावें. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर केवळ धड्यांवर विसंबूं नये. लागलीच डॉक्टरांकडे जावें. ऑक्टोबर 2022 मध्यें सुरू झालेली सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र, मराठींतही, ऐकून घेते.